किती उशा लागतात?

3 जून
आत्याचा फोन. गुहागरकडे पाऊस अजून नाही, फणस उतरवायला माणूस मिळत नाही, नळाला एक दिवसाआड पाणी. सगळं सांगून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अगो, पाय जरा सुजतात हल्ली. वय झालं, दुसरं काय!" बाहेर पेशंट थांबले होते. मीठ कमी कर म्हटलं आणि ठेवला. रात्री जेवताना ते 'जरा' काही डोक्यातून जाईना.

4 जून
महिनाभर झोपण्यापूर्वी विल्यम कलेन यांची पत्रं वाचते आहे. कलेन (1710 ते 1790) एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकवत. त्यांचा पत्रव्यवहार तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जपून ठेवला आहे. आलेली पत्रं आणि त्यांची उत्तरं धरून पाच हजारांवर कागद. ग्लासगो विद्यापीठाने ते उतरवून काढले, म्हणून ते पुण्यात बसून मला वाचता येतात.

यातल्या कितीतरी रोग्यांना कलेननी कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. गावचा सर्जन लिहितो, औषधं विकणारा लिहितो, पाद्री लिहितो, लेकराची आई लिहिते. कुणी स्वतःच्या पोटाबद्दल पानंच्या पानं लिहितो: काय खाल्लं, कधी दुखलं, झोप कशी लागली. उत्तरात औषध असतंच, पण पथ्य त्याहून जास्त. मांस किती, दारू कोणती, घोड्यावरून रपेट किती, अंगाशी फ्लॅनेल घालायचं की नाही.

प्रत्येक उत्तराची नक्कल ते स्वतःजवळ ठेवत. आधी लेखनिक हाताने उतरवून घ्यायचा. 1781 पासून जेम्स वॉटचं नवं यंत्र आलं. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचा, अक्षरं त्यावर उलटी उमटतात आणि कागदाच्या मागच्या बाजूने सुलटी वाचायची. पूर्वी काय सांगितलं होतं हे पुढचं पत्र आल्यावर पाहता यायला हवं, एवढ्यासाठी हा खटाटोप. माझ्या दवाखान्यात फोनवर दिलेल्या सल्ल्याची नोंद कुठे असते? आत्याला मीठ कमी कर म्हटलं, तेही कुठे लिहिलेलं नाही.

5 जून
दुपारी पेशंट कमी होते.

आपल्या आयुर्वेदात रोगी तपासायच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: दर्शन, स्पर्शन, प्रश्न. पत्रात पहिल्या दोन बंद. उरतो तो प्रश्न, आणि तोही बऱ्याचदा तिसऱ्याच्या तोंडून आलेला. तरी कलेनच्या काळात त्यावर काम चालत होतं, कारण समोर बसलेल्या रोग्याचं तरी डॉक्टर फारसं काय तपासत? नाडी, जीभ, लघवी. छातीवर बोटं ठोकून आवाज ऐकण्याची रीत आउएनब्रुगरने 1761 मध्ये छापली, पण तिला कुणी फारसं विचारलं नाही. लाएनेकचा स्टेथोस्कोप आला 1816 मध्ये. तोवर रोग कळायचा तो मुख्यतः रोग्याच्या सांगण्यातून, आणि सांगणं तर पत्रातही मावतं.

ते नीट यावं म्हणून लोझानच्या तिसो नावाच्या डॉक्टरांनी 1761 च्या आपल्या लोकांसाठीच्या आरोग्यपुस्तकात, डॉक्टरचा सल्ला घेताना कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत, याची यादीच दिली. त्यांनाही युरोपभरातून पत्रं यायची. हजारावर आजही शिल्लक आहेत.

आत्याला मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

6 जून
सकाळी साडेसहाला फोन लावला. वहिनीने उचलला. आत्या कुठे झोपते, विचारलं.

"वन्सं, आत्या आत झोपतच नाहीत. पडवीत झोपाळ्यावर बसून असतात रात्रभर. उकडतं म्हणतात."

आत आडवं पडल्यावर काय होतं, हे आत्याला विचारलं. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "कोंडल्यासारखं होतं गो." किती दिवस? "देवळातला उत्सव झाला तेव्हापासनं." म्हणजे दीड महिना. उशा किती? आधी एक, मग दोन, मग तीन आणि वर घडी घातलेली गोधडी. त्यानंतर झोपाळा.

वहिनीला सांगितलं, नडगीवर अंगठा दाबून धरा, दहा आकडे मोजा, मग उचला. फोनवर तिचं मोजणं ऐकू येत होतं. "खळी पडलीय." भरून येते का? "नाही अजून... नाही... अजून तशीच आहे." मी घड्याळाकडे बघत होते. चाळीस सेकंद झाली.

हे 'जरा' नव्हतं. आजच्या आज चिपळूणला इस्पितळात न्या म्हटलं.

7 जून
हृदयाचा पंप कमजोर झालाय. इको झाला, लघवी होण्याचं औषध शिरेतून सुरू केलंय. रात्री तिला थोडी झोप लागली.

9 जून
झोप नाही म्हणून परत कलेन. त्यांच्याकडे सल्ला मागणाऱ्यांत सॅम्युएल जॉन्सनही होते, इंग्रजी शब्दकोशवाले. 1784 च्या मार्चमध्ये लंडनमध्ये ते आजारपणाने घरात अडकून पडले होते. धाप आणि अंगावर पाणी. वय 74. स्कॉटलंडातल्या आपल्या मित्राला, बॉसवेलना, त्यांनी लिहिलं, तुमच्याकडच्या डॉक्टरांना माझ्याबद्दल विचारा. बॉसवेलनी कलेन, होप आणि मन्रो या तिघांना पत्रं लिहिली, आणि तिघांनीही मोठ्या आस्थेने लक्ष घातलं. लंडन ते एडिंबरा सुमारे 640 किलोमीटर, आणि तेव्हाचं टपाल घोड्याच्या पायांनी चालणारं. उत्तर पोचेपर्यंत रोग तिथेच थांबेल, याची खात्री कुणाला?

जॉन्सन स्क्विल घेत होते. आपल्या किनाऱ्यावर उगवणाऱ्या कोळकांद्याचा तो भाऊबंद. त्या फेब्रुवारीत त्यांच्या अंगातून 20 पाइंट पाणी गेलं होतं आणि बरं वाटलं होतं. पण पाणी परत भरलं. जुलैपासून त्यांनी लॅटिनमध्ये आजाराची रोजनिशी लिहायला घेतली: औषध किती, झोप कशी, लघवी किती. ती नोव्हेंबरपर्यंत चालली. 13 डिसेंबरला ते गेले.

पुढच्याच वर्षी, 1785 मध्ये, विल्यम विदरिंगचं डिजिटॅलिसवरचं पुस्तक निघालं. विदरिंग एडिंबऱ्यातच शिकलेले. 1775 मध्ये त्यांना अंगावरच्या पाण्यासाठीच्या एका घरगुती औषधाबद्दल मत विचारलं गेलं. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीने ते गुपित म्हणून जपलं होतं. त्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली कामाची कोणती, हे त्यांनी ओळखलं: डिजिटॅलिस. नामांकित डॉक्टरांच्या पत्रांत जे नव्हतं, ते एका बाईच्या घरात होतं. विचारलं गेलं म्हणून बाहेर आलं.

12 जून
आत्या घरी आली. पाऊसही आला. वजन 63 वरून 58 किलो.

वहिनीला शंभर पानी वही आणायला सांगितली. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन. नडगीवरची खळी. रात्री किती उशा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर माझी वाट न बघता चिपळूण. माझ्या टेबलावरही एक वही ठेवली आहे. फोनवर जे सांगेन ते तारखेसह तिच्यात.

लांबच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा: रात्री आडवं झोपता येतं का, आणि किती उशा लागतात. "बरी आहे" या उत्तरावर फोन ठेवू नका.

13 जून
वहिनीने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. वजन 57.5. उशा दोन.