बारा वेळा भिजून, बारा वेळा तापून

पाण्याच्या तांब्याएवढा एक गोळा. माती, सिमेंट आणि पाणी कालवून साच्यात ठोकलेला. सात दिवस दमट जागी मुरला की त्याची परीक्षा सुरू होते. पाच तास पाण्यात, मग ४२ तास ७१ अंश सेल्सिअसच्या भट्टीत, आणि बाहेर काढला की तारेच्या ब्रशने चौफेर घासायचा. असे बारा फेरे. सुरुवातीला ब्रशखाली नुसती पूड निघते. मिश्रण कच्चे असेल तर सहाव्या-सातव्या फेऱ्याला कडेची ढलपीच हातात येते. रस्त्याच्या पायाथरासाठी शेवटी वजनात १४ टक्क्यांहून जास्त घट दिसली, तर मिश्रण नापास.

या परीक्षेला जवळजवळ महिना जातो. म्हणून कामाच्या घाईत ती गाळली जाते आणि फक्त सात दिवसांची ताकद पाहिली जाते. पायाथरासाठी ती ४.५ ते ७ मेगापास्कल लागते. कमी भरली की उपाय ठरलेला: आणखी सिमेंट.

रस्त्याचे नुकसान नेमके इथून सुरू होते. सिमेंट वाढले की थर वाळताना जास्त आकसतो, भेगा रुंद होतात आणि त्या वर डांबरापर्यंत चढतात. पावसाचे पाणी आत शिरते, ट्रकच्या चाकाखाली दाबले जाते आणि येताना बारीक माती घेऊन बाहेर पडते. म्हणून सिमेंटच्या थरावर १०० मिलिमीटर खडीचा थर देऊन भेगा तिथेच अडवतात. ऑस्ट्रियात निघालेली युक्ती तर ऐकायला उलटीच वाटते. एक-दोन दिवसांच्या थरावरून कंपन करणारा रोलर मुद्दाम फिरवतात. एका रुंद भेगेऐवजी केसाएवढ्या असंख्य भेगा पडतात, त्यांतून पाणी सहज शिरत नाही आणि पुढे त्या बऱ्याचशा भरूनही येतात.

माती-सिमेंटचा पहिला शास्त्रशुद्ध रस्ता १९३५मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिनात जॉन्सनविलजवळ झाला. दख्खनच्या काळ्या मातीत मात्र नुसत्या सिमेंटने भागत नाही. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. तिच्या चिकट ढेकळांच्या पोटात सिमेंट पोचतच नाही. अशा मातीला आधी चुना द्यावा लागतो. चुन्यातले कॅल्शियम चिकणमातीच्या कणांना धरते, कण एकत्र येऊन गुठळ्या होतात, आणि हाताला चिकटणारी माती एक-दोन दिवसांत रव्यासारखी मोकळी होते. सिमेंटची पाळी त्यानंतर.

तिसरा सोबती म्हणजे राख. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की मोकळा चुना सुटतो. राखेतली सिलिका त्याला धरून आणखी चिकट द्रव्य तयार करते आणि बारीक छिद्रे बुजवते. आपल्या जुन्या गवंड्यांनी चुन्याच्या घाणीत विटांची सुरखी घातली, तिच्यामागचे रसायनही हेच. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्या वीजकेंद्रांची राख त्यासाठी हाताशी आहे. पण राखेचे काम सावकाश चालते. तिला सात दिवसांत जोखणे अन्याय आहे. २८ दिवसांची ताकद पाहायलाच हवी.

मातीत जिप्सम असेल तर चुना आणि सिमेंटच वैरी होतात. जिप्सममधले सल्फेट, कॅल्शियम आणि चिकणमातीतले ॲल्युमिनियम यांच्यापासून एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक वाढतात आणि पक्का झालेला थर आतून उचलला जातो. लास व्हेगासच्या स्टुअर्ट अव्हेन्यूवर चुना दिलेली माती अशीच फुगली. जेम्स मिचेल यांच्या १९८६च्या लेखामुळे ते प्रकरण जगभर अभ्यासले गेले. अशा जागी चुना-सिमेंटचा मोठा वाटा काढून लोखंडाच्या भट्टीचा दळलेला स्लॅग वापरल्यास फुगवटा बराच कमी होतो. म्हणून कोणतीही गोणी फोडण्याआधी मातीतले सल्फेट मोजा, असा आम्हा मृदा-अभियंत्यांचा आग्रह असतो.

अलीकडे सिलेनवर्गातली रसायनेही वापरात आली आहेत. ती कणांना पाणी झटकायला लावतात. प्लास्टिकचे आखूड धागे भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. पण सिमेंट कालवल्यापासून दोन तासांत रोलर फिरला नाही, तर यांतले काहीच कामी येत नाही.

त्यानंतरचे सात दिवस पाण्याचे. थर कधी ओला, कधी कोरडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यातला चुना खातो आणि वरचा भाग भुसभुशीत होतो. दक्षिण आफ्रिकेत फ्रँक नेटरबर्ग यांनी या दुखण्याचा बारकाईने अभ्यास केला. ते ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. थरात छोटा खड्डा घ्यायचा आणि ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचे. चुना शाबूत असेल तिथे क्षणात गडद गुलाबी रंग उमटतो. जिथे तो संपला, तिथे माती मातकटच राहते. पाणी मारण्यात हयगय झालेल्या रस्त्यावर वरची दोन-तीन बोटे कोरी दिसतात. पहिल्या दिवसापासून ओले गोणपाट अंथरून ठेवलेल्या थरात गुलाबी रंग खड्ड्याच्या काठापासूनच सुरू होतो.