चार हात जागेतली बाग

कल्याणहून कर्जतच्या लोकलने निघाले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. इथल्या वस्त्यांतून फिरताना दारोदारी डब्यांत, फुटक्या बादल्यांत फुललेली बाग आम्हाला दिसते. जागा चार हात. पण मुलांचे अंगणही तेच. म्हणून बाग देखणी हवी, तशीच निर्धोकही हवी.

आधी माती पाहावी. अंबरनाथ-उल्हासनगरातून वालधुनी वाहते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. त्या काठची माती आणि रसायनांचे जुने पिंप घरी आणू नयेत. बदलापुरात २००५ आणि २०१९ साली उल्हास नदीचे पाणी घरांत शिरले. असा पूर ओसरला की कुंड्यांतली माती बदलावी.

मग झाडे. कण्हेर सुंदर, पण पानाफुलांसकट विषारी. पिवळ्या बिट्टीच्या बियांनी मुले खेळतात, त्याही विषारीच. त्यापेक्षा जास्वंद, मोगरा, झेंडू, गवती चहा लावावा.

पाण्याचा पिंप घट्ट झाकावा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडा करावा. डेंग्यूचा डास वाढत नाही, रांगते मूलही सुरक्षित राहते.

आयाबहिणींनो, एक कुंडी मुलाच्या हाती सोपवा. रंग त्यालाच देऊ द्या, पाणीही त्यालाच घालू द्या. स्वतः वाढवलेले झाड मूल सहसा तोडत नाही.