हॅपी बर्थडे बाबा, कागदोपत्री!

1 जुलैला सकाळी मोबाइल हातात घ्यावा, तर आमच्या पुसदच्या फॅमिली ग्रुपवर शुभेच्छांचा नुसता पाऊस! बाबा, दोन काका आणि आत्याचे मिस्टर, चौघांचाही वाढदिवस एकाच दिवशी. तुम्ही म्हणाल, काय योगायोग! योगायोग वगैरे काही नाही बॉस, ही गुरुजींची कृपा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात. नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख घरी कुणालाच सांगता आली नाही, की गुरुजी अंदाजाने वय धरून 1 जुलै लिहून मोकळे!

तशी तारीख भारीच आहे. 1955 मध्ये याच दिवशी स्टेट बँक ऑफ इंडिया सुरू झाली, 1979 मध्ये सोनीचा वॉकमन बाजारात आला, 2017 मध्ये जीएसटी लागू झाला. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा तर जन्म (1882) आणि मृत्यू (1962) दोन्ही 1 जुलैचे, म्हणून हा डॉक्टर्स डे. आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्याची कॉलर टाइट करणारी गोष्ट म्हणजे, 1 जुलै 1913 ला पुसद तालुक्यातल्या गहुलीत वसंतराव नाईक जन्मले. 1963 ते 1975, सलग अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री! शेतीचा ध्यास घेतलेल्या या माणसाच्या जयंतीला राज्यभर कृषी दिन असतो. विश केलं की बाबांचं ठरलेलं उत्तर, "माहा कायचा वं, नाईकसायबाचा वाढदिवस हाय आज!"

गुरुजींच्या त्या तारखेवर बाबांना मास्तरकी लागली आणि त्याच तारखेच्या हिशेबाने ते 30 जूनला रिटायर झाले. खरा वाढदिवस मात्र फक्त आजीकडे होता. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला माहा पोट्टा," ती सांगायची. दर वर्षी तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन निघायच्या आधी, ती बाबांना पाटावर बसवून ओवाळायची.

यंदा मार्चमध्ये आजी गेली. 1 जुलैला फोन केला, तर बाबांनी नाईकसाहेबांचं नाव काढलं नाही. थोडं थांबून म्हणाले, "खरा दिवस मायलेच मालूम होता. आता हेच खरं."

मला काही सुचेना. डेडलाइनचं कारण सांगून मी तीन वर्षं पोळ्याला गेलेली नाही. संध्याकाळी पुसदच्या गाडीचं तिकीट काढलं, तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्रीचं. तारीख दर वर्षी बदलते. मोबाइलमधला रिमाइंडर कामाचा नाही, कालनिर्णय उघडून बघावी लागली.