पद्मानगरचे ग्रीक

"तू मूळचा कुठला रे?" या प्रश्नाला माझ्याकडे एका ओळीत बसणारं उत्तर नाही. भिवंडीचा म्हटलं की आमच्या वयाचा माणूस म्हणतो, "अच्छा, गोडाऊन!" मोठ्या वयाचा असेल तर त्याला 1984 ची दंगल आठवते. आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे साउथ इंडियन का?" आणि आमच्या हैदराबाद ऑफिसातला मित्र माझं तेलुगू ऐकून हसत सुटतो. म्हणे, असं फक्त त्याची आजी बोलते.

तर मंडळी, आम्ही पद्मशाली. तेलुगू बोलणारे विणकर. मार्कंडेय ऋषी आमचे मूळपुरुष, आणि त्यांचा मुलगा भावना ऋषी याने कमळाच्या तंतूंपासून पहिलं वस्त्र विणलं अशी कथा आहे. कथा झकास आहे, पण पोट कमळावर भरत नाही. गिरणीचं स्वस्त कापड आलं तसा तेलंगणातला हातमाग बसत गेला, त्यात दुष्काळ आणि निजामी राज्यातली वेठ. लोक पश्चिमेला निघाले. सोलापूर, मुंबईच्या गिरण्या, मग भिवंडी. (मुंबईत तेलुगू मजूर त्याच्याही आधीपासून होते. कामाठीपुरा हे नाव त्या कामाठ्यांवरूनच पडलं, हे तिथल्या बदनामीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना सहसा माहीत नसतं.) भिवंडीत मोमीन विणकर आधीच होते. त्यांचे पूर्वज 1857 नंतर उत्तरेतून आलेले. म्हणजे गावाचा कणा असलेला धंदा बाहेरून आलेल्यांनीच उभा केला.

आमचे तात, म्हणजे आजोबा, 1958 च्या सुमाराला सिरसिल्लाजवळच्या खेड्यातून आले. पहिली दोन वर्षं भिस्सीत जेवले. भिस्सी म्हणजे महिन्याच्या पैशांवर दोन वेळचं ताट देणारी खानावळ. भिवंडीत अजूनही आहेत, फक्त आता तिथे जेवायला बिहार, यूपी आणि ओडिशाची मुलं असतात. मग त्यांनी नायनम्माला आणि तान्ह्या मुलीला आणलं. ती मुलगी माझी आत्या. आम्ही तिला अत्तम्मा म्हणतो.

आता ग्रीक कुठून आले? सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तीन महिने ऑनसाइट बोस्टनजवळ होतो. एका रविवारी करण्यासारखं काही नव्हतं म्हणून लोवेलला गेलो. तिथे बूट मिल नावाची जुनी कापड गिरणी आहे, तिचं आता म्युझियम झालंय. आत ऐंशीहून जास्त जुने माग मांडलेले आहेत आणि त्यातले काही खरोखर चालवून दाखवतात. दारावरच कानात घालायला बोळे देतात. आजूबाजूचे टुरिस्ट दचकून एकमेकांकडे बघत होते. मी बोळे काढून खिशात टाकले. तो आवाज मला झोपेत चालायचा, दहावीपर्यंत अभ्यास त्याच आवाजात केलाय.

लोवेलच्या गिरण्यांत आधी आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली होत्या, मग आयरिश आले, मग फ्रेंच कॅनेडियन आणि मग ग्रीक. ग्रीक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सॉक्रेटिस वगैरे येतो, पण हे साधे खेडूत होते. 1890 च्या दशकात तिकडच्या बेदाण्यांचा भाव कोसळला आणि पेलोपोनीजमधली गावं रिकामी व्हायला लागली. पहिल्या महायुद्धापर्यंत चारेक लाख ग्रीक अमेरिकेत उतरले. बहुतेक एकटे पुरुष. एका खोलीत दाटीवाटीने राहायचे, संध्याकाळी कॉफीच्या अड्ड्यावर गावाकडच्या बातम्या, बहिणीच्या हुंड्याचे पैसे घरी. पैसे साठले की पुष्कळजण परतलेसुद्धा. जे राहिले त्यांनी आधी चर्च बांधलं. लोवेलचं घुमटाचं होली ट्रिनिटी 1908 सालचं आहे. मग शाळा सुटल्यावर पोरांना आणखी एक शाळा, ग्रीक शिकण्यासाठी. 1924 च्या कायद्याने ग्रीकांना वर्षाला फक्त 100 जागा ठेवल्या आणि दार जवळजवळ बंद झालं.

मी हे सगळं वाचत उभा होतो आणि मनात पाट्या बदलत होतो. कॉफीचा अड्डा = भिस्सी. चर्च = मार्कंडेय मंदिर. त्यांचा ईस्टर, आमची नारळी पौर्णिमा, म्हणजे जानवं बदलायचा दिवस. अगदी भाषेचंही तसंच. अमेरिकेतले ग्रीक मोटारीला 'कारो' म्हणायला लागले. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ छकडा! आमच्या घरी "उशीर अयिंदि" म्हणतात. यातला उशीर मराठी, झाला तेवढा तेलुगू. सिरसिल्लाच्या चुलत भावाला हे तेलुगू कळत नाही आणि कल्याणच्या मित्राला हे मराठी वाटत नाही :)

एक फरक मात्र आहे. ग्रीकांना समुद्र ओलांडावा लागला. तात एका देशातून त्याच देशात आले, त्यांना कुणी कागद विचारला नाही. कागद विचारला तो मला, पन्नासेक वर्षांनी.

पद्मशाली महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतात. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी, आणि त्यासाठी कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीपासून महाराष्ट्रात होतं याचा पुरावा हवा. ज्यांनी हे केलंय त्यांना ही तारीख स्वतःच्या वाढदिवसासारखी पाठ असते. तातांकडे काही म्हणजे काही नव्हतं. भाड्याची खोली, पावती नाही. मागाची नोकरी, हजेरी सेठच्या वहीत, आणि सेठ कधीच गेलेले. पप्पांचा जन्म 1968 चा, म्हणजे थोडक्यात हुकला. पप्पा महिनाभर जुन्या मालकांच्या, घरमालकांच्या मुलांना भेटत होते. शेवटी नायनम्मा म्हणाली, "अगं, तू शाळेत गेली होतीस की!"

अत्तम्मा तीन वर्षं नगरपालिकेच्या शाळेत गेली होती. 1966 मध्ये नाव काढलं, कारण घरी कांड्या भरायला माणूस हवं होतं. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. त्यानंतर ती लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही कांड्याच भरत राहिली. शाळेच्या जुन्या रजिस्टरात तिचं नाव सापडलं. जात: हिंदू पद्मशाली. मातृभाषा: तेलुगू. शाळा सोडण्याचे कारण: घरकाम. त्या उताऱ्यावर मी इंजिनिअर झालो, माझा धाकटा भाऊ झाला आणि एक चुलत बहीण डेंटिस्ट झाली. ती रजिस्टरची झेरॉक्स अत्तम्माला दाखवली तेव्हा तिला स्वतःचं नाव वाचता आलं, पण पुढचं 'घरकाम' मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर लिहिलंय."

शिकली नसली तरी बतुकम्माची गाणी तिला जितकी येतात तितकी आमच्या गल्लीत कुणालाच येत नाहीत. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस बायका फुलांचा गोपुरासारखा डेरा रचतात, वर हळदीची गौरम्मा ठेवतात, भोवती फेर धरून टाळ्यांवर गातात आणि शेवटच्या रात्री तो तलावात सोडतात. खरी फुलं तरवडाची आणि कुरडूची. कुरडू आपल्याकडे मिळतो, पण तरवड कोरड्या दख्खनचं झुडूप, त्यामुळे आमची बतुकम्मा बरीचशी झेंडूची. 2014 मध्ये तेलंगण राज्य झालं आणि बतुकम्मा तिथला राज्योत्सव झाला. तेव्हापासून तिकडून स्पीकरवर वाजवायची नवी गाणी येतात. पोरींना ती आवडतात, ठेका चांगला आहे. अत्तम्मा मधे उभी राहते आणि ओठ मिटून टाळ्या वाजवते. गेल्या वर्षी तिची गाणी फोनवर रेकॉर्ड करायला बसलो. सतरा झाली. अठराव्याला म्हणाली की हे बसून येत नाही, फेर धरल्याशिवाय पुढची ओळ आठवत नाही. मग हॉलमधलं टीपॉय सरकवून आम्ही दोघं गोल फिरलो.

माग मात्र गेले. 1982 च्या गिरणी संपात मुंबईचं कापड भिवंडीत विणलं जाऊ लागलं, तेव्हा तातांनी कर्ज काढून चार सेकंडहँड माग घेतले होते. गेल्या पावसाळ्यात काकांनी ते किलोच्या भावाने भंगारात दिले. कारखान्याच्या जागेत आता कुरिअरवाल्यांची खोकी असतात. काकांना मी दोष देत नाही. सुताचा भाव, विजेचं बिल आणि कापडाला मिळणारा दर यांचं गणित मीही एक्सेलमध्ये मांडून बघितलंय, ते जुळत नाही. पण लोवेलचं गिरणी-म्युझियम ज्या नॅशनल पार्कचा भाग आहे ते 1978 मध्ये झालं, आणि त्यासाठी काँग्रेसमध्ये झटणारा पॉल साँगस हा लोवेलमधल्याच एका ग्रीक ड्रायक्लीनरचा मुलगा होता. आमच्याकडे नगरसेवक झाले, कारखानदार झाले, आता माझ्यासारखे आयटीवालेही पैशाला पासरी आहेत. लाखो माग चालवलेल्या या गावात एक माग जपून ठेवलेली, लोकांना बघता येईल अशी खोली कुठे आहे, ते कुणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा.

चारातला एक धोटा मी मागून घेतला. टोकाला पितळ आहे, लाकूड हाताच्या तेलाने काळं पडलंय. तो आता कल्याणच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली असतो.

आता 2027 ची जनगणना आहे. 2011 मध्ये मातृभाषा आणि शिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारल्या होत्या, तेव्हा पप्पांनी आम्हा सगळ्यांची मातृभाषा तेलुगू सांगून टाकली होती. या वेळी घर माझं आहे. बायको सांगलीची, आणि मार्चमध्ये आमच्याकडे बाळ येतंय. अत्तम्माला विचारलं, बाळाची मातृभाषा काय लिहायची? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्याच्या आईला विचार ना, मला काय विचारतोस?"

बायकोला अजून विचारलेलं नाही. ती मात्र रोज सकाळी लिफ्टपाशी ओरडते, "अरे चल ना, उशीर अयिंदि!"