वाळूचा किल्ला आणि सिंधुदुर्ग

१/ ओहोटी लागली की मालवणच्या किनाऱ्यावर मुले आईवडिलांसह वाळूचे किल्ले रचू लागतात. समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा असतो.

२/ भरतीची पहिलीच लाट मुलांचा बुरूज पायथ्याशी पोखरते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे बांधकाम आरंभले, ते कुरटे बेटाच्या खडकावर. पायात शिसे ओतून. वाळूचा बुरूज ढासळताना पाहिलेल्या मुलाला या खटाटोपाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

३/ मुले विहीरही खणतात. पाणी लागते ते मचूळ. चोहीकडे खारा समुद्र असूनही किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचे पाणी मात्र गोडे. वेढ्यात शिबंदी तगायची ती अशा पाण्यावर.

४/ अखेरीस सारे ओल्या वाळूत पंजे उमटवतात. किल्ल्यातही चुन्यात उमटलेले हाताचे व पायाचे ठसे जपलेले आहेत. ते महाराजांचे, अशी श्रद्धा आहे. दगड वाहणाऱ्यांचे, शिसे ओतणाऱ्यांचे ठसे मात्र कोठेच नाहीत.

५/ म्हणून होडीतून किल्ल्यावर जाताना आईवडिलांनी मुलांना एवढेच विचारावे : हे दगड येथवर कोणी आणले असतील?