फिरतीचं काम घ्यावं का?

केईएम, सायन, नायर किंवा नागपूरहून व्यवसायोपचाराची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं-मुली भेटली की हमखास विचारतात: दवाखान्यात बसावं की फिरतीचं काम घ्यावं? मी पेणच्या रामवाडीत राहते. एसटीचं रायगड विभागाचं कार्यालय इथलंच, महामार्गही दाराशी. हमरापूर, खारेपाट, रोहा, कुठेही निघायला सोयीचं. फिरतीचं काम घ्यावं, असंच मी सांगते. फक्त फिरायचं ते एकाच पट्ट्यात, आणि त्याच घरी पुन्हा पुन्हा जायचं.

अमेरिकेत फिरते थेरपिस्ट साधारण 13 आठवड्यांच्या करारावर काम करतात. करार संपला की दुसरं गाव, दुसरं रुग्णालय. पगार चांगला, प्रदेशही पाहून होतो. तिकडे गेलेली आपली मुलं त्याचं कौतुक करतात आणि ते खरंही आहे. पण तिथे एक गेला तर त्या जागी दुसरा येतो. खारेपाटातल्या एखाद्या घरी मी जाणं थांबवलं, तर तिथे दुसरं कुणी पोचेल याची खात्री नसते.

आपल्या शास्त्राचं आशियातलं पहिलं विद्यालय 1950 साली मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं, ते कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. मूळच्या त्या अमेरिकेच्या, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. फलटणच्या शाळेला आज त्यांचं नाव आहे. माणसाला त्याच्या रोजच्या कामात परत उभं करणं हा या शास्त्राचा गाभा. आणि रोजचं काम जिथे चालतं, तिथे गेल्याशिवाय ते पुरतं कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

गणपतीच्या कारखान्यातले एक रंगारी काका घ्या. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात बराच सुधारला होता. रुग्णालयात ते खुंट्या उचलत, मणी ओवत, पण ब्रश धरला की हात थरथरायचा. कारखान्यात गेल्यावर कारण दिसलं. काका जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि मूर्ती उंच पाटावर. हात खांद्यापासून अधांतरी धरावा लागे आणि खांदा तेवढा वेळ तग धरत नसे. बोटांची तक्रार नव्हतीच. मूर्ती खाली घेतली, कोपराखाली लाकडी ठोकळा दिला, ब्रशच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड केला. आधी पितांबराचा रंग, मग दागिने. डोळ्यांची आखणी आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली. काकांना घाई होती, कारण कारखान्यात मान असतो तो आखणी करणाऱ्याला. "बाई, डोळे कधी?" हा त्यांचा दर खेपेचा प्रश्न.

घरोघरचे अडथळे असेच साधे असतात: उंच उंबरा, अंगणापलीकडचा संडास, जमिनीवरची चूल. खुबा मोडलेल्या आजीला आम्ही जिना चढायला शिकवून घरी पाठवतो आणि तिच्या घरात जिनाच नसतो.

कातकरी वाड्यांवरचं गणित मात्र वेगळं आहे. कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आश्विनात भेटलं तर हाताशी जेमतेम काही आठवडे असतात. तेवढ्यात व्यायामांची लांबलचक यादी देण्यात अर्थ नाही. मूल कडेवर कसं घ्यायचं, म्हणजे पाय कात्रीसारखे आवळणार नाहीत. भरवताना मान मागे न टाकता किंचित पुढे कशी ठेवायची, म्हणजे ठसका लागणार नाही. एवढं आईच्या हातात बसवायचं. हे ती भट्टीवरही करू शकते. म्हणून माझ्या वर्षात दिवाळीआधीचे दिवस वाड्यांसाठी राखलेले असतात.

पदवी हातात पडताच फिरतीवर निघू नका, हेही मी आग्रहाने सांगते. दोन-तीन वर्षं मोठ्या रुग्णालयात काढा. वाडीवर शंका आली तर विचारायला शेजारी कुणी वरिष्ठ नसतो. खुब्याचा सांधा निसटतोय का, झटके येताहेत का, हे तुमच्याच नजरेला दिसलं पाहिजे आणि त्या मुलाला वेळेवर डॉक्टरांकडे पाठवता आलं पाहिजे. राज्य परिषदेची नोंदणी तर हवीच.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. दूरच्या वाडीवरचं कुटुंब तुमची फी आणि प्रवास दोन्ही देऊ शकत नाही. विशेष शाळेचा किंवा संस्थेचा पगार, नाहीतर आठवड्यातले काही दिवस गावातला दवाखाना, असा आधार लागतो. संस्थेने बोलावलं तर होकाराआधी चार गोष्टी विचारा. वाहन कोणाचं? स्प्लिंटच्या साहित्याचा खर्च कोण करणार? बाईमाणसाला शेवटची एसटी चुकली तर मुक्कामाची सोय काय? आणि वर्षभर तीच गावं मिळणार का? बाकी बाबतीत थोडं मागेपुढे चालेल. गावं दर महिन्याला बदलणार असतील तर मात्र ती नोकरी घेऊ नका.