दोन डबे

आमच्या वाडीतील गाड्यांच्या पडवीत भिंतीला एक लाकडी फळी आहे. तिच्यावर इंजिनच्या तेलाचे दोन डबे शेजारी शेजारी उभे असतात. एकावर पांढऱ्या रंगाने ‘जुनी’ आणि दुसऱ्यावर ‘नवी’ असे लिहिले आहे. अक्षर माझे. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या हाताचे ते वळणदार अक्षर पाहून घरी येणारे पाहुणे गमतीने विचारतात, “सर, निवृत्तीनंतर तेलाचे दुकान काढलेत की काय?” मी हसून वेळ मारून नेतो. परंतु ते दोन शब्द लिहिण्याची अक्कल मला ज्या मोलाने आली, ते मोल हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

‘जुनी’ म्हणजे माझ्या वडिलांची जीप. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याच कुळातील एमएम ५४० ही डिझेल जीप बाबांनी १९८८ साली घेतली. केळीचे लोंगर आणि भाजीच्या पाट्या वसईच्या स्टेशनवर पोहोचवायच्या, पावसाळ्यात चिखलात रुतलेली शेजाऱ्याची बैलगाडी ओढून काढायची, रात्रीबेरात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचे, ही सारी कामे तिने केली. बाबा गेले आणि ती माझ्याकडे आली. दर रविवारी तिला पुसून काढण्यात माझा एक तास जात असे. तिची सेवा म्हणजे पुसणे, एवढीच माझी समजूत होती.

‘नवी’ म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलाची गाडी. २०२१ साली त्याने ती कर्ज काढून घेतली. चारही चाकांना ओढ देणारी, डिझेलवर चालणारी, भारत स्टेज सहाच्या नियमांनुसार बनलेली. कुणाला ती मिरवण्याची वस्तू वाटेल. त्याच्या दृष्टीने ती पोटापाण्याचे साधन आहे. जव्हार-मोखाड्याकडील पाड्यांत तो विहिरींवर सौरपंप बसवतो. डांबरी सडक संपल्यावर खरा प्रवास सुरू होतो. नाल्यातील गोटे, खडकाळ चढ, एका अंगाला कललेली पायवाट. एकदा त्याने हिशेब सांगितला : “काका, आज गाडी नव्वद किलोमीटर चालली, पण इंजिन सात तास चालू होतं.” त्या वाक्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

२०२३ च्या मे महिन्यात तो माझ्याकडे एक मोठा, चकचकीत डबा घेऊन आला. त्याच्या गाडीत तो जे सिंथेटिक तेल घालत असे, तेच त्याने आजोबांच्या जीपसाठी स्वतःच्या कमाईतून विकत आणले होते. “आजोबांच्या जीपला एकदा चांगलं तेल पाजू या, काका,” तो म्हणाला. मी किंमत पाहिली. आमच्या नेहमीच्या तेलाच्या दुप्पटीहून अधिक! डब्यातून ओतताना तेल मधासारखे सोनेरी, पण पाण्यासारखे चपळ दिसत होते. वर्गात तिरप्या पाटीवरून मध आणि पाणी सोडून श्यानता, म्हणजे वाहण्याला द्रवाचा होणारा अंगभूत विरोध, मी किती वर्षे शिकवली असेन! तरी त्या दिवशी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली नाही. महाग ते उत्तम, आणि उत्तम ते सर्वांना उत्तम, असे मानून मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी त्याची गाडी क्लचच्या कामासाठी वर्कशॉपमध्ये गेली. पावसाच्या आधी एका पाड्यावरचा पंप बसवायचाच होता. मी मोठ्या अभिमानाने बाबांची जीप पुढे केली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मनोर, विक्रमगड, जव्हार ओलांडेपर्यंत सारे सुरळीत होते. पुढे कच्चा चढ लागला. पहिला गिअर, कडक ऊन, मागे पाइप आणि पत्र्यांचे ओझे. अर्ध्या चढावर तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला. पुतण्याने पाय ब्रेकवर नेला. “काका, थांबून बघू या का?” तो म्हणाला. मी म्हणालो, “अरे, वायरिंग जुनं आहे. तो दिवा असाच लागतो. चल पुढे.”

आम्ही पुढे गेलो. थोड्याच वेळात इंजिनातून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठक्-ठक् आवाज येऊ लागला आणि वळणावर जीप निश्चल झाली. पाड्यावरची माणसे खाली आली. त्यांनी सौरपट्ट आणि पाइप डोक्यावर घेतले आणि उरलेला चढ पायी चढून नेले. जीप मात्र संध्याकाळी ट्रॅक्टरला बांधून जव्हारला आणावी लागली.

त्या माणसांसमोर मी माझ्या पुतण्याला नाही नाही ते बोललो. “तुझ्या शहाणपणाच्या तेलाने बाबांची जीप मारलीस,” असे मी म्हणालो. घरी आल्यावर वहिनींच्या देखत तेच पुन्हा म्हणालो. त्याने एका शब्दानेही प्रत्युत्तर केले नाही. दिवा लागताच थांबण्याविषयी त्यानेच विचारले होते, हेही त्याने सांगितले नाही. त्या दिवसापासून तो आमच्या घरी येईनासा झाला.

इंजिन आमच्या ओळखीच्या वयस्क मिस्त्रीने खोलले. बेअरिंग घासून गेली होती, क्रँकवर ओरखडे उमटले होते. मी पुतण्याच्या तेलाची कथा तावातावाने सांगू लागलो. मिस्त्रींनी हात पुसत शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, तेल वाईट नव्हतं. तेल नव्हतंच.”

क्रँकच्या मागच्या बाजूचे सील वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन चिरले होते. घट्ट तेल त्यातून थेंबाथेंबाने गळे. नवे पातळ तेल त्याच वाटेने धावत गेले. जे उरले, तेही चढावर मागे सरले आणि तेल शोषणाऱ्या नळीचे तोंड उघडे पडले. “जीपखालच्या जमिनीवर काळा डाग दिसला नाही का कधी?” मिस्त्रींनी विचारले. दिसला होता. अनेक वर्षे दिसत होता. दर रविवारी जीप पुसून झाल्यावर मीच त्या डागावर वाळू टाकत असे. तेल मोजण्याची पट्टी मात्र किती महिन्यांत बाहेर काढली नव्हती, ते मला आठवेना.

आधी करायला हवे होते ते मी त्यानंतर केले. चष्मा लावून वाचायला बसलो.

डब्यावरच्या ‘५ डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५ डब्ल्यू-४०’ या आकड्यांत तेलाचा अर्धा स्वभाव सांगितलेला असतो. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितके ते तेल कडाक्याच्या थंडीत लवकर वाहते. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातील घट्टपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ३० क्रमांकाच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, तर ४० क्रमांकाची १२.५ ते १६.३. गोठवणाऱ्या थंडीसाठी दिलेला गुण वसईच्या हवेत फारसा कामी येत नाही. झिजलेल्या, अंतरे वाढलेल्या जुन्या इंजिनाला तापल्यावर जो घट्टपणा हवा होता, तो मात्र ३० क्रमांकाच्या तेलात नव्हता. म्हणजे चूक तेल सिंथेटिक असण्यात नव्हती. चूक त्या इंजिनासाठी तो क्रमांक निवडण्यात होती, आणि गळके सील तसेच ठेवण्यात होती. सिंथेटिक तेल सील खाऊन टाकते, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. मीही तेच बोलत होतो. आजच्या तेलांच्या बाबतीत तो सरसकट आरोप अन्यायाचा आहे.

मग सिंथेटिक तेलाची थोरवी कशात? खनिज तेल भूगर्भातील कच्च्या तेलापासून गाळून काढलेले असते. त्यात लहानमोठे, नाना आकारांचे रेणू असतात. उष्णतेने हलके रेणू उडून जातात, काहींचा गाळ होतो. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक क्रियेने घडवलेले, बरेचसे एकसारखे असतात. म्हणून ते उष्णतेत अधिक काळ टिकून राहते. अर्थात या शब्दावरही डोळे मिटून विसंबू नये. कच्च्या तेलावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणावे काय, यावरून अमेरिकेत दोन मोठ्या तेल कंपन्यांत वाद झाला होता. १९९९ साली जाहिरातींची छाननी करणाऱ्या तेथील संस्थेने तसे म्हणण्यास हरकत नाही असा कौल दिला. तेव्हापासून एकाच नावाखाली वेगवेगळ्या जातीची तेले विकली जातात. म्हणून डब्याच्या दर्शनी भागावरील मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरे अधिक खरी.

त्या बारीक अक्षरांत इयत्ता लिहिलेली असते. अमेरिकी पद्धतीत ‘सी’ने सुरू होणारी इयत्ता डिझेल इंजिनांची, ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलची. आमच्या जुन्या जीपला मिस्त्रींनी १५ डब्ल्यू-४० चे साधे खनिज तेल सुचवले, सीआय-४ इयत्तेचे. पुतण्याच्या गाडीला तेच घातले असते तर? त्या गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आहे. काजळी त्यात साठते आणि अधूनमधून जाळून टाकली जाते. पण तेलातील धातुयुक्त द्रव्यांची राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे तेल लागते. युरोपीय पद्धतीतील ‘सी-३’ इयत्तेत राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यापर्यंतच चालते. एका डब्याने गाळणी तुंबत नाही. पण वर्षानुवर्षे तेच चालले तर तिचे आयुष्य निश्चित घटते. माझे स्वस्त तेल त्याच्या गाडीला अपायकारक, आणि त्याचे महाग तेल माझ्या जीपला. दोन्ही तेले आपापल्या जागी निर्दोष!

आणि ते ‘नव्वद किलोमीटर, सात तास’ आता मला उमगले. आडवाटेवर गाडी माणसाच्या चालीने चढते, पण इंजिन पूर्ण ताकदीने राबत असते. समोरून वारा मिळत नाही, तेल तापते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्यालाही वंगण याच तेलाचे. उष्णतेत टिकणाऱ्या तेलाचा त्याचा आग्रह हा शौक नव्हता. तो किलोमीटरवर न विसंबता इंजिनाच्या तासांवरून तेल बदलत होता, तेही शहाणपणाचेच होते. शिवाय अशा संथ कामात गाळणीतील काजळी पुरती जळत नाही. त्या खटपटीत थोडे डिझेल खाली तेलात उतरते आणि पट्टीवर तेल वाढलेले दिसते. तेल कमी होणे जसे वाईट, तसे आपोआप वाढणेही वाईट. नाल्यातून गेल्यावर तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर पाणी शिरले समजावे आणि इंजिन चालूच करू नये. डिझेल गाडीचे तेल थोड्याच दिवसांत काळे झाले, तर मात्र घाबरू नये. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

हे सारे समजले तेव्हा पाऊस सरून गेला होता. मी ज्याला सर्वांसमोर दोषी ठरवले, त्याचा दोष एवढाच, की आजोबांच्या जीपला आपल्याकडचे सर्वांत चांगले द्यावे असे त्याला वाटले. क्रमांक न वाचता मान डोलावणारा मी. पट्टी न पाहणारा मी. डागावर वाळू टाकणारा मी. आणि दिवा लागल्यावर “चल पुढे” म्हणणाराही मीच.

आमच्याकडे काकाने पुतण्याची क्षमा मागण्याचा प्रघात नाही. नाताळच्या आधीच्या आठवड्यात मी दादांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिले. पुतण्या अंगणात गाडीखाली आडवा होता. मी त्याच्याशी बोललो. पण त्याआधी दादांना आणि वहिनींना बाहेर बोलावून घेतले. जे शब्द त्यांच्या देखत उच्चारले होते, ते त्यांच्या देखतच परत घ्यायला हवे होते. तो गाडीखालून बाहेर आला, बराच वेळ चिंधीने बोटे पुसत उभा राहिला आणि मग म्हणाला, “काका, पाड्यावरचा पंप मस्त चाललाय. तुम्ही बघायलाच आला नाहीत.”

इंजिनचे काम करायला मोठा खर्च आला. तेवढ्या पैशांत जीप भंगारात टाकावी, असा सल्ला पुष्कळांनी दिला. आम्ही दोघांनी निम्मा निम्मा भार उचलला. नवे सील घातले, मिस्त्रींनी सांगितलेले तेल भरले. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच चढाने पाड्यावर गेलो. तो पुढे नव्या गाडीत, मी मागे जुन्या जीपमध्ये. चढाच्या पायथ्याशी त्याने गाडी थांबवली, उतरून माझ्याकडे आला आणि काही न बोलता जीपचे बॉनेट उघडले. आता चढाआधी पाच मिनिटे दोन्ही गाड्या सपाट जागी उभ्या करायच्या, इंजिन बंद करून तेल खाली उतरू द्यायचे, पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालून पुन्हा काढायची, हा आमचा नेम आहे. त्याची पट्टी मी पाहतो, माझी तो पाहतो.

घरी पडवीतल्या जमिनीवर आता वाळू नाही. जीपखाली मी जुना पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवतो. रविवारी जीप पुसण्याआधी खाली वाकून तो पाहतो. परवा त्यावर रुपयाएवढा एक डाग होता. लगेच पुतण्याला फोन केला.